आधी पाव्हणा, मग घरचा

दत्तामामांच्या गळ्यात तुळशीची माळ असे आणि तिच्या शेजारी काळ्या दोऱ्यात एक पेनड्राइव्ह. त्यात लिनक्स होतं, म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली. कुणाचा रडतखडत चालणारा कॉम्प्युटर दिसला, की मामांचे हात शिवशिवत. मूळचे तळवड्याचे, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आयुष्य काढलेले, आणि आमचे घरमालक.

मी लातूरची, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. लग्न होऊन त्यांच्या खोलीत भाड्याने आले. जवळच्या एका वर्कशॉपला ड्रॉइंग काढणारं माणूस हवं होतं. "केलेलं काम दाखवायला घेऊन या," मालक म्हणाले होते. माझं सगळं काम कॉलेजच्या लॅपटॉपमध्ये, आणि तो चालू होता होताच मान टाकायचा. "टाक की भंगारात," असं सांगून नवरा शिफ्टला निघून गेला. मी पायरीवर डोळे पुसत बसले होते.

"रडू नको पोरी," मामा म्हणाले. "मशीन मेलं न्हाई. त्येच्या डोक्यावर वझं लई झालंय."

त्यांनी गळ्यातला पेनड्राइव्ह काढून लॅपटॉपला लावला. थोड्या वेळाने वेगळाच, स्वच्छ पडदा समोर आला. "आजून काय बसवलं न्हाई बरं का. समदं ह्या पेनड्राइव्हवरनं चाललंय. आधी पाव्हणा म्हणून येऊ दे, चार दिस ऱ्हाऊ दे. जमलं तर मग घरचा कर."

माझी ड्रॉइंग जशीच्या तशी दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. उत्साहाच्या भरात मी लगेच कायमचं बसवायला निघाले.

"हात मागं घे! आधी कॉपी!"

मामा एवढ्या जोरात ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते.

मग त्यांनीच सांगितलं. कंपनीत मशीन खोलून ओव्हरहॉल करताना जुन्या तेलाचा थेंबही ते ठेवत नसत. "अर्धवट धुतलेल्या मशीनला कुंकू लावायचं न्हाई," हा त्यांचा नेम. स्वतःच्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा लिनक्स बसवलं ते खंडेनवमीला, मुहूर्त साधून. डिस्कवरचं सगळं काढून टाकू का, असं पडद्यावर विचारलं, तेव्हा मामांनी त्याच श्रद्धेने 'हो' म्हटलं. त्यात त्यांच्या बायकोचे, शांताकाकूंचे, सगळे फोटो गेले. काकू त्याच वर्षी वारल्या होत्या.

"मशीन लख्ख झालं बघ," मामा म्हणाले. "आन् घर बी."

आम्ही आधी कॉपी काढली. चार दिवस पाहुणा ठेवला आणि मग लिनक्स बसवलं. ड्रॉइंगचा फुकटचा प्रोग्रामही मिळाला. मध्येच वायफाय लागेना, तर मामा म्हणाले, "नवा जावई हाय, रुसणारच. जरा मान दे." मी नेटवर शोधून त्याची समजूत घातली. वर्कशॉपमधलं काम मला मिळालं. नवऱ्याने पेढे आणले, भंगाराचा विषय मात्र काढला नाही.

पुढे आम्हाला चाकणजवळ घर मिळालं. सामान बांधण्याआधी मी गल्लीतल्या सगळ्या बायकांकडे जाऊन आले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये नसतात? प्रत्येकीकडे कुठल्या तरी फोटोत, एखाद्या कोपऱ्यात, शांताकाकू होत्याच. एका फोटोत तर वाणात मिळालेली गाळणी हातात धरून, डोळे मिटून खळखळून हसत होत्या.

ते सगळे मी मामांच्या कॉम्प्युटरवर भरले आणि तो गाळणीचा फोटो पडद्यावर लावला. निरोपाच्या दिवशी त्यांना समोर बसवून कॉम्प्युटर चालू केला.

मामांनी पडद्यावरच्या गाळणीला हळूच बोट लावलं. मग त्यांनी गळ्यातला पेनड्राइव्ह काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"ह्यातलं समदं काढून टाक आन् हिची कॉपी भर," ते म्हणाले. "लिनक्स फुकट हाय, पोरी. कवाबी परत मिळतं."