फटाक्यांच्या सायलेन्सरची श्रद्धांजली

माझा भाऊ गेला, हे मला सागरच्या स्टेटसवरून कळलं. कासारवाडीच्या घरात चहा गाळत होते, फोन उघडला, तर दादा कोट घालून माझ्याकडे बघत होता. मागे निळं आभाळ, कोपऱ्यात पणती आणि खाली दादापेक्षा मोठ्या अक्षरांत सागरचं नाव. जन्मभर खाकी शर्टात वावरलेल्या माणसाला मेल्यावर तासाभरात कोट चढवणारी आमची भावकी! वहिनीचा फोन त्यानंतर आला. "वन्सं, ह्ये गेलं... दुकानातच," एवढंच ती बोलली.

सागर म्हणजे आमच्या चुलतभावाचा मुलगा. प्लॉटिंग करतो. म्हणजे बापाने विकून जी जमीन उरली ती विकतो आणि त्याला धंदा म्हणतो. दादाला मूलबाळ नाही, त्यामुळे क्रियाकर्माला तोच बसणार होता आणि या गोष्टीचा त्याला जितका आनंद झाला होता तितकं दुःख दादाच्या जाण्याचं झालेलं मला तरी दिसलं नाही.

चिखलीतलं दुकान आमच्या वडिलांनी काढलं. शेतकरी माणूस, पण विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की गावात मिस्त्री शोधत बसायचे नाहीत, स्वतःच उघडायचे. पुढे कंपन्या आल्या, जमिनी गेल्या, भावकीच्या गळ्यात चेना आल्या. वडिलांनी रस्त्याकडेचा एक तुकडा तेवढा राखला, त्यावर पत्र्याची शेड टाकली आणि कामगारांच्या मोटारसायकली दुरुस्त करायला लागले. पहिल्या पाळीला जाताना गाडी टाकायची, पाळी सुटली की न्यायची, अशी ती रीत. वडिलांमागे दादा बसला. लग्नानंतर वहिनीही हळूहळू आत आली आणि शेवटी शेवटी तर अशी गत होती की दादा शिव्या द्यायचा आणि इंजिन ती उघडायची. लग्नकार्यात भावकीतल्या बायका तिच्या काळ्या नखांकडे बघून एकमेकींना कोपर मारायच्या. त्यांचेच नवरे गाडी रुसली की ती ढकलत, इकडेतिकडे बघत दुकानाशी यायचे. खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे.

दादा फार गोड माणूस होता, असं दहाव्याला तीन जणांनी माइकवरून सांगितलं. खोटं आहे. दादा कुजकट होता. मी चाकणला एका कंपनीत तपासणीच्या कामावर होते, तर मला म्हणायचा, "दुसऱ्यानं क्येलेल्या चुका मोजती आन् पगार घेती, बरंय बाई तुजं." मी दोन दोन महिने त्याच्याशी अबोला धरला आहे. पण सगळ्यात जास्त तिटकारा त्याला फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरचा. तसली गाडी दारात आली की तो तोंडातून शब्द काढायचा नाही. बसलेलं स्टूल उचलायचा, भिंतीकडे तोंड करून पुन्हा बसायचा आणि गाडी जाईपर्यंत तोंड इकडे वळवायचा नाही. एकदा मी विचारलं, एवढा कसला राग? म्हणाला, "ज्याचं घरात कुणी आयकत न्हाई, त्यो सायलेन्सर फोडतो." सागरकडे तसल्या दोन गाड्या. त्याने दादाचं तोंड कमी आणि पाठच जास्त पाहिली असेल.

आता याच दादाला श्रद्धांजली म्हणून काय काढावं? बाइक रॅली! दुकानापासून आळंदीच्या घाटापर्यंत, कपाळाला काळ्या पट्ट्या बांधून, एकेका गाडीवर तिघं तिघं, आणि रस्ताभर फटाके. मी आणि वहिनी मागे रिक्षात. मी कानांवर हात दाबून बसले होते. वहिनी रिक्षाच्या पत्र्यावर बोट वाजवत होती.

घाटावर भाषणं झाली. दादाला एकदाही न भेटलेले लोक त्याच्या आठवणींनी गहिवरले. मग पिंड ठेवला आणि सगळे मागे सरले. कावळे समोरच्या झाडावर होते, मी डोळ्यांनी पाहिले. पण पोरं वरच्या रस्त्यावर गाड्या जागच्या जागी रेटत उभी, मानवंदना म्हणे! एक फटाका फुटला की झाडावरचे सगळे कावळे नदीपार. थोड्या वेळाने परत येत, की पुन्हा फटाका. वाट बघून बघून गुरुजींनी विचारलं, "मयताची काही इच्छा राहिली होती का?" इथे खरं तर कुणीही अक्कल असलेल्या माणसाने वर जाऊन गाड्या बंद करायला सांगितल्या असत्या. आमच्याकडे एकेक जण पुढे येऊन पिंडाला आश्वासनं द्यायला लागला. कुणी म्हणालं, चौकाला नाव देऊ. कुणी म्हणालं, दरवर्षी रॅली काढू. कावळ्याने तरी काय म्हणून यावं?

मग सागर हात जोडून उभा राहिला आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "काका, तुमची जागा वाया जाऊ देणार न्हाई आमी. तिथं तुमच्या नावानं ॲक्सेसरीजचं शोरूम काढतो. काकूंना घरबसल्या सांभाळतो. घास घ्या." आणि वहिनीकडे वळून, "काकू, तुमी पण शब्द द्या म्हंजे त्यांचा जीव मोकळा हुईल."

रस्त्याकडेचा तेवढाच तुकडा वहिनीच्या हातात होता. सगळ्या गावासमोर, नवऱ्याच्या पिंडासमोर तिने हो म्हटलं असतं, तर ते पुन्हा तिला गिळता येणार नव्हतं, आणि नाही म्हटलं असतं तर नवऱ्याचा आत्मा अडकवला म्हणून जन्मभर ऐकावं लागलं असतं. बायका तर "द्या की वो शब्द" म्हणून तिला ढोसायलाही लागल्या होत्या.

वहिनी उठली. पिंडाकडे गेलीच नाही. पायऱ्या चढून वर रस्त्यावर गेली आणि पहिल्या पोराच्या गाडीची चावी काढून घेतली. मग दुसऱ्याच्या. पोरं बघतच राहिली. सगळ्या चाव्या पदरात घेऊन ती खाली आली आणि होती तिथे बसली. घाटावर नदीचा आवाज ऐकू यायला लागला. तेव्हा ती पिंडाकडे बघून हळूच म्हणाली, "सोमवारी दुकान उघडते."

कावळा आला. फटाके थांबले म्हणून आला, दुसरं काही नाही. पण लोक घरी जाताना काय बोलत होते माहीत आहे? सागरने शब्द दिला म्हणून शिवला! या गावाला मी आणखी काय म्हणू...

सोमवारी मी मुद्दाम दुकानात गेले. वहिनीने दादाचा खाकी शर्ट साडीवरून चढवला होता. दुपारच्या सुमारास सागर आला, गाडी ढकलत, पांढऱ्या शर्टात घामाघूम. घाटावर पोरांनी उभ्या उभ्या रेटलेली त्याची गाडी कशीबशी घरापर्यंत पोचली होती आणि आज रस्त्यातच इंजिन जाम.

"काय झालं असंल वो काकू?"

"काकाला श्रद्धांजली दिलीस न्हवं? ती हिला लागली," वहिनी म्हणाली आणि पाना घेऊन बसली.

दादाच्या दुकानात गिऱ्हाइकाला खुर्ची नसायची. ज्याची गाडी, त्यानेच बत्ती धरायची. मोठा साहेब असो की आमच्या भावकीतला कुणी, इंजिन उघडलं की दादा हातात बत्ती द्यायचा आणि काम संपेपर्यंत त्याला उकिडवं बसवून ठेवायचा. आपण गाडीचं काय करून ठेवलंय ते त्याचं त्याने बघावं, म्हणून. वहिनीने बत्ती सागरच्या हातात दिली. तो तेलकट फरशीवर उकिडवा बसला. बराच वेळ बसला. शर्टाच्या बाहीला काळं लागलं, पाय अवघडले, तो या पायावरून त्या पायावर जात राहिला. शेवटी न राहवून त्याने विचारलंच, "काकू, मग जागेचं काय ठरवलं?"

वहिनीने मान वर केली नाही.

"बत्ती खाली धर."