माझ्या तोंडी दुसरीचा आवाज

पडद्यावर माझं तोंड हललं आणि आवाज दुसऱ्याच बाईचा आला.

परभणीतलं थिएटर, दुपारचा खेळ. सिनेमा आपल्या जिल्ह्यात झालेला, म्हणून पहिला खेळ इथंच ठेवला होता. पहिल्या रांगेत मी आणि तुमचे आजोबा. मागं आमची सगळी गल्ली, कॉलेजातले माझे जुने सहकारी, मी शिकवलेले विद्यार्थी, त्यांची लेकरं. पडद्यावर लुगडं नेसलेली, अनवाणी एक म्हातारी. ती मी. आधी वाटलं, मशीन बिघडलं असेल. आजोबांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मशीन नीट चालू होतं. एक तरुण, गोड, सफाईदार बाई माझ्या सुरकुतलेल्या तोंडातून म्हातारीचं सोंग घेऊन बोलत होती.

मग तो प्रसंग आला. म्हातारीची सगळी मुलं शहरात गेलेली. धाकटा तिला न्यायला आलेला. ती दारात उभी राहून त्याला नकार देते. शूटिंगच्या दिवशी मी म्हटलं होतं, "मी कुठं न्हाई जायले. तुमीच समदे जायलेत."

पडद्यावरची म्हातारी म्हणाली, "मी कुठं न्हाई जायलाय. तुमीच समदे जायलाय."

सगळं थिएटर हसलं.

तुम्ही नातवंडं तिकडं शहरात वाढलात, तुम्हाला यातलं हसू कळणार नाही. पण आपल्याकडं शेंबडं पोरही चुकत नाही. बाई म्हणते, मी जायले, म्हणजे जात आहे. पुरुष म्हणतो, मी जायलो. 'जायलाय' हे त्याच्याबद्दल, दुसऱ्या कुठल्यातरी पुरुषाबद्दल बोलायचं. म्हातारी रडवेली होऊन लेकाला नकार देते आणि त्याच श्वासात बाईची बाप्या होते.

मागून कुणीतरी मोठ्यानं म्हटलं, "म्हातारी बाप्या झाली की रं."

दुसरा म्हणाला, "मॅडम इंग्लिश शिकवू शिकवू मराठी इसरल्या."

पुन्हा हशा. तो आवाज माझा नाही, हे त्यांना कुठं माहीत होतं? तोंड माझं होतं. चूकही माझीच ठरली.

हा सिनेमा विलासचा. विलास मूळचा पालमचा, माझा विद्यार्थी. बारावीला मी त्याला इंग्रजी शिकवलं. आता तो मुंबईत असतो, सिनेमे करतो. दोन वर्षांपूर्वी तो घरी आला, पाया पडला आणि म्हणाला, "मॅडम, एक म्हातारी हाय. ती तुमीच." मी हसले. मी निवृत्त बाई, तोंडाला रंग कधी लागलेला नाही. तो म्हणाला, "चेहरे लय मिळतेत. मला तुमचा आवाज पायजे. तुमी एकदा वर्गात तुमच्या आईची गोष्ट तिच्या बोलीत सांगितली व्हती. ती माझ्या डोक्यातून गेली न्हाई."

ती गोष्ट मी विसरून गेले होते. तो विसरला नव्हता. म्हणून मी विश्वास ठेवला.

पण 'तोंडाला रंग कधी लागलेला नाही' हे मी खोटं सांगितलं. एकदा लागला होता.

मी बोरीजवळच्या खेड्यातली. कोरडवाहू तुकडा, चार भावंडं. कॉलेजसाठी परभणीला आले. दुसऱ्या वर्षी गॅदरिंगच्या नाटकात मला नायिकेचं काम मिळालं. नाटक बसवणारे प्राध्यापक बाहेरून आलेले, शुद्ध बोलणारे. तालमीत मी म्हटलं, "थांबा, मी यायले." त्यांनी तालीम थांबवली. सगळ्यांसमोर मला पुढं बोलावलं आणि 'मी येत आहे' हे वाक्य म्हणायला लावलं. पुन्हा. पुन्हा. वीस वेळा तरी. माझ्या जिभेला ते नुसतं पाठ होत होतं, वळत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "हिला शेतात पाठवा." मुलं हसली. माझं काम एका वकिलांच्या मुलीला गेलं. मला दिलं तबक धरून उभं राहायचं काम, एकही वाक्य नसलेलं. मी उभी राहिले. तिन्ही अंक.

त्यानंतर मी नाटकाच्या वाटेला गेले नाही. जीभ घासून काढली. आमी, तुमी, हाय, न्हाई, सगळं टाकून दिलं. इंग्रजी विषय घेतला, त्यातच एम. ए. केलं. लोक त्याला हुशारी म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. इंग्रजी आमच्या वर्गात सगळ्यांनाच परकी होती, वकिलाच्या मुलीलासुद्धा. तिथं हसायचं झालं तर सगळ्यांनाच हसावं लागलं असतं.

आणि हेही लिहिते, कारण हे लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. तुमचा बाबा लहानपणी शेजारच्या मुलांचं ऐकून 'न्हाई' म्हणायचा. मी त्याला पाटीवर 'नाही' लिहायला लावलं. पाटी भरेपर्यंत. माझ्यावर झालं ते मी त्याच्यावर केलं. शिस्त म्हणून केलं, प्रेमानं केलं, तरी केलं.

तर विलासला मी हो म्हटलं. माझी नणंद म्हणाली, "या वयात सिनेमात नाचायचं राहिलं होतं का?" नाचायचं नव्हतं, पण तिला तसंच म्हणायचं होतं. कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं समजावलं, आयुष्यभर कमावलेला मान आहे, सांभाळा. आजोबा एवढंच म्हणाले, "कर. हसले तर हसले."

अडचण एकच होती. माझी बोली माझ्याकडं राहिली नव्हती. ती आणायला मी माहेरी गेले. भाऊ गेला, भावजय आहे. तिच्याजवळ जाऊन राहिले. मी बोलायला लागले की ती पदर तोंडाला लावायची. "वन्सं, तुमी तर बुकातल्यावानी बोलायलेत." मी 'हाय' म्हटलं तरी ती म्हणायची, शिकवल्यावानी म्हणू नका, म्हणायचं म्हणून म्हणा. तिच्याबरोबर शेंगा फोडल्या, कापूस वेचायला गेले, तिच्या शेजारणींच्या भांडणांत बसले. पंधरा-वीस दिवसांनी मी तिच्यावर कशावरून तरी चिडले आणि तोंडातून भडाभडा आईचीच भाषा बाहेर आली. भावजय ऐकत राहिली. मग म्हणाली, "आत्ता आलात घरी."

शूटिंग पिंगळीजवळ झालं. दाराचा तो प्रसंग एकाच टेकमध्ये झाला. माझं वाक्य संपलं तरी 'कट' म्हणायचं कुणाला सुचलं नाही. कॅमेऱ्यामागची मुलगी डोळे पुसत होती. विलास सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "मॅडम, ह्याला कुणी हात लावणार न्हाई. माझा शब्द हाय."

जाताना त्यानं एक काम सांगितलं. मॅडम, तुम्ही फार पद्धतशीर आहात, आपल्या बोलीची रूपं एका वहीत मांडून द्या, बाकीच्या कलाकारांचे आवाज नंतर भरताना उपयोग होईल. मी आनंदानं बसले. आयुष्यभर व्याकरण शिकवलं, पण आपल्या बोलीचं व्याकरण पहिल्यांदा मांडत होते. पट्टीनं रकाने आखले. पहिल्या रकान्यात 'तो': तो जायलाय, तो करायलाय, तो यायलाय. दुसऱ्यात 'ती'. तिसऱ्यात 'मी', पुरुष आणि बाई वेगवेगळे. चौथ्यात 'तुमी'. इंग्रजीत 'he-she' म्हणताना 'he' आधी येतो, त्या सवयीनं मी 'तो' आधी घेतला. भावजयीला विचारून एकेक रूप तपासलं. वही स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिली, वर कव्हर घातलं आणि विलासला पाठवली.

मला काढण्यासाठी त्यांनी तीच वही वापरली. माझ्या जागी बोलणाऱ्या मुलीला ती दिली. तिनं पहिला रकाना वाचला आणि पुढचे वाचायची तसदी घेतली नाही.

हे मला कसं कळलं? विलासनंच सांगितलं. सिनेमा संपल्यावर स्टेजवर सत्कार होता. शाल, श्रीफळ, माझं नाव पुकारलेलं. मी गेले नाही. बाहेर व्हरांड्यात उभी राहिले. विलास धावत आला.

मी विचारलं, हे काय आहे?

तो आधी निर्मात्यांवर ढकलत होता. मग म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. त्यांचं म्हणणं पडलं, ही बाई शिकलेली वाटते. गावाकडची वाटत न्हाई."

म्हणजे एकदा मी गावाकडची म्हणून काढली गेले आणि आता गावाकडची नाही म्हणून. दोन्ही वेळा ठरवणारे गावाबाहेरचे. मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, सांगणारच होतो. मी विचारलं, तू ऐकलंस ना ते? तू पालमचा आहेस. तुझ्या कानाला टोचलं नाही?

तो खाली बघत म्हणाला, "टोचलं. पण तिकडं कुणाला कळतंय मॅडम, जायले काय अन् जायलाय काय?"

"हिकडं कळतंय," मी म्हटलं.

आतून माझं नाव दुसऱ्यांदा पुकारलं. विलास म्हणाला, चला, फोटो तरी. मी म्हटलं, शाल त्या मुलीला पाठवून दे, बोलली ती. आणि आजोबांबरोबर रिक्षात बसले.

निर्माते परके होते. त्या प्राध्यापकांनाही मी परकंच समजत होते. परका हसला तर चीड येते. विलासला मात्र माझ्या आवाजाची किंमत कळत होती. तो मागायला तोच आला होता. त्याला चूक ऐकू आली होती. तरी त्यानं ती जाऊ दिली, कारण ज्यांना ती ऐकू येते ती माणसं त्याच्या हिशेबात राहिली नव्हती. त्यांत मी होते. त्याची पालममधली आईही होती.

आठ दिवस मी घराबाहेर पडले नाही. भाजीवाला गाडा घेऊन आला की आजोबा जायचे. त्या आठ दिवसांत काय सलत होतं ते मी नीट तपासलं. लोक हसले याचं दुःख होतं, पण ते वरचं होतं. खालचं असं की, मी पुन्हा तबक धरून उभी राहिले होते. तोंड हलवत, पण बिनवाक्याची. पहिल्या वेळी मी विशीत होते, नाही म्हणायचं माहीत नव्हतं. आता मला कुठलं निमित्त होतं?

नवव्या दिवशी मी लिहायला बसले. आई, भावजय, तबक धरलेली मुलगी, सगळं एका बाईच्या तोंडी. तासाभराचा एकपात्री खेळ. माझ्या बोलीत. ना पडदा, ना यंत्र. माझ्या तोंडातून निघेल तेच लोकांना ऐकू येईल.

पहिला प्रयोग बोरीत केला, शाळेच्या पटांगणावर. तो चांगला झाला असं मी लिहिणार नाही. दहा मिनिटं झाली असतील, मागून एकजण ओरडला, "मी जायलाय!" सगळे हसले. माझं पुढचं वाक्य गेलं. मी शोधत राहिले. मग नमस्कार केला आणि मधेच खाली उतरले. भावजय पहिल्या ओळीत बसली होती. घरी गेल्यावर एवढंच म्हणाली, "त्यो एकच वरडला. बाकीचे आयकायला बसले व्हते. तुमी त्यायला सोडून आलात."

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तो तुमच्या बाबापर्यंत पोचला. परवा त्याचा फोन आला. "आई, प्लीज, आता पुरे. इथले मित्र मला पाठवतात. तुला या वयात हे कशासाठी हवंय?" त्याच्यावर चिडू नका. ही लाज त्याच्यात मीच भरली, पाटीभर. पण त्याला मी हो म्हटलं नाही, आणि तुम्हाला माझ्याबद्दल खोटं काही कळू नये म्हणून हे लिहिते आहे.

विलासचाही फोन आला. नवा सिनेमा आहे, मोठं काम आहे, आवाजाचं नंतर बघू म्हणाला. मी सांगितलं, नंतर काही बघायचं नाही. चेहरा हवा असेल तर आवाजासकट घ्यायचा, आणि ते आधी कागदावर लिहून द्यायचं. नाहीतर दोन्ही मिळणार नाही. तो म्हणाला, असं कुणी लिहून देत नसतं. मी फोन ठेवला. वही परत मागितली आहे. आली नाही तर नवी लिहीन, आणि ती कुणाच्या हाती द्यायची ते मी ठरवीन.

गुरुवारी पालमला प्रयोग आहे. विलासच्या आईला मी स्वतः बोलावलं आहे. "येते की," म्हणाल्या. मागं कुणीतरी ओरडेलच. वाक्य पुन्हा विसरेन, असंही होईल. माझा तो सहकारी म्हणाला तसा मान जाईल, तुमच्या बाबाचे मित्र आणखी एक व्हिडिओ पाठवतील. ते मी धरून चालले आहे. सकाळच्या एसटीनं निघणार आहे आणि या वेळी खेळ संपेपर्यंत खाली उतरणार नाही.