चित्रातलं मोठं जनावर

आज सकाळी खासबागच्या बाजारात भागी भेटली. मंडळी, ही माझी जुनी विद्यार्थिनी, कणकुंबीकडच्या जंगलातल्या गवळी-धनगरांच्या वाड्यावरची. ऐंशीच्या दशकात मी तिकडं जीवशास्त्र शिकवायचो.

दरवर्षी शाळा तपासायला साहेब यायचे. भिंतीवरच्या वाघाच्या चित्रावर छडी ठेवून विचारायचे, "हे काय?" वाड्यावरची पोरं गप्प. साहेब शेरा मारायचे, मुलांना साधे प्राणीही ओळखता येत नाहीत.

मी म्हणायचो, "साहेब, ह्यांच्यात त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ते गोठ्यापर्यंत येतं म्हणतात." साहेब हसायचे. पुढच्या वर्षी दुसरे साहेब, तेच चित्र, तेच हसणं. सांगून सांगून तोंड दुखलं.

आज गमतीनं भागीला म्हटलं, "आता तरी सांग गं, चित्रात काय होतं?"

तिनं भर बाजारात मागंपुढं बघितलं. हळूच म्हणाली, "मोठं जनावर हुतं की, सर. अजून म्हशी हाईत आमच्या."

मला आता वाद घालायचं त्राण नाही. मास्तर मंडळी, ह्या उत्तराला गुण द्यायचे का, तुम्हीच ठरवा.