'घ्या' न म्हणणारे भाऊजी

आमच्या भाऊजींनी हयातीत कुणाला 'घ्या' म्हटलं नाही. पाहुणा आला की चहाची बशी त्याच्यापुढे सरकवून ते म्हणत, "प्या." पोह्यांची ताटली ठेवून, "खा." सुपारीचा डबा उघडून, "उचला." यावरून नात्यागोत्यात त्यांची फार बदनामी झाली. आमची आत्या तर साऱ्या गावाला सांगत फिरे, "जवाई नोकरीवाला हाये, पन तोंडानं 'घ्या' म्हनाची दानत नाई." मीही बरेच दिवस आत्याच्याच पक्षात होतो. त्या काळात मी ताईच्या घरी राहून बी. ए.ची पुन्हा एकदा तयारी करत होतो, म्हणजे खात होतो. खाणाऱ्याला आग्रहाचं महत्त्व फार.

भाऊजी वीज खात्यात ऑपरेटर होते. मूलच्या पुढे, धानाच्या बांध्या संपून सागवान सुरू होतं, तिथल्या एका लहानशा उपकेंद्रात. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि जंगलातल्या गावांत नवे खांब उभे राहत होते. कुठली लाइन चालू ठेवायची आणि कुठली बंद, ती कळ भाऊजींच्या हातात. आता त्या खात्याच्या बोलण्यात 'लाइन घेणे' याचे दोन अर्थ होते. लाइनमन 'लाइन घेतो' म्हणजे ती बंद करवून कामासाठी आपल्या ताब्यात घेतो आणि खांबावर चढतो. ऑपरेटर 'लाइन घेतो' म्हणजे ती चालू करतो. शब्द एकच. बोलणाऱ्याच्या मनात एक आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरं असलं, तर खांबावरचा माणूस जिवंत राहत नाही. म्हणून भाऊजींनी तो शब्दच टाकून दिला. 'बंद करा' आणि 'चालू करा', बस. मी एकदा म्हटलं, "अहो, ड्युटीवर टाळा, घरी कशाला?" तर म्हणाले, "जिभेले ड्युटी समजत नाई, साळेसाहेब."

त्यांचा दुसरा नेम 'शब्दाचा'. सकाळी कामाला निघण्याआधी लाइनमननं उपकेंद्रात यायचं आणि भाऊजींच्या कानात आपल्या मनानं एक शब्द सांगायचा. तो कुठं लिहायचा नाही, दुसऱ्याला सांगायचा नाही. काम आटोपून खाली उतरलं की वनखात्याच्या नाक्यावरून फोन करायचा आणि तोच शब्द आपल्याच तोंडानं परत सांगायचा. मगच लाइन चालू. नाक्यावरचा फोन येणारा-जाणारा कुणीही उचले, म्हणून हा बंदोबस्त. खात्याच्या कुठल्या नियमात हे नव्हतं, पण कुणी हरकतही घेतली नव्हती.

कंट्रोल रूममध्ये शिरणं त्याहून कठीण. मी डबा घेऊन जायचो. दार आतून बंद. मी कडी वाजवायचो.

"कोन?"

"मी."

"मी तर इथी आत हाओ. तू कोन?"

मग स्वतःच्या सख्ख्या भाऊजींना मी माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट सांगायचो. दार बोटभर उघडायचं, डबा आत जायचा, दार बंद. मला वाटे, बी. ए.च्या परीक्षेत बसायला एवढी चौकशी होत नाही, आणि तिथून तरी मी काय मोठा पास होऊन येत होतो.

एकदा धान भरडाईच्या दिवसांत लाइन बंद होती. विस्तारी खांबावर होता. विस्तारी म्हणजे भाऊजींचा लाइनमन, जंगलातल्या गोंडाच्या गावचा, हडकुळा, हसरा माणूस. एका राइस मिलच्या मालकाचं धान पडून होतं. त्याच्या मुनीमानं भाऊजींच्या साहेबांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून फोन लावला, "माणूस उतरला आहे, लाइन चालू करा." भाऊजी म्हणाले, "हो साहेब. शब्द सांगा."

"कसला शब्द? मी साहेब बोलतोय."

"साहेब खांबावर चढत नाई. जो चढला त्याचा शब्द पाह्यजे."

मुनीमानं आधी दटावलं, मग बदलीची धमकी दिली, शेवटी आवाज विसरून आपल्या मूळ बोलीत शिव्या घातल्या. त्या वेळी विस्तारी वर तारेला हात लावून होता. संध्याकाळी हे कळल्यावर तो उपकेंद्राच्या पायरीवर बसला आणि कितीतरी वेळ बिडी पेटवायचं विसरला. मग म्हणाला, "भाऊ, माह्या सासूचं नाव ठेवलं होतं आज शब्द. त्या मुनीमाले सात जन्मात नसतं सापडलं." भाऊजी हसता हसता चष्मा पुसत राहिले.

या दोघांची दोस्तीही गमतीचीच. एक सदा खांबावर, दुसरा सदा बंद दारामागे. सकाळी कानात एक शब्द, दुपारी फोनवर तोच. विस्तारीचे शब्द ऐकण्यासारखे असत. दिवस उलटला की तो स्वतःच मला सांगे : कधी बैलाचं नाव, कधी 'पुंगार', म्हणजे गोंडीत फूल. भाऊजी जेवताना ताईला सांगत, "आज विस्तारी खुशीत होता," किंवा "आज त्याच्या घरी काही झालं असन." एका शब्दावरून एवढं. शब्द मात्र सांगत नसत, दिवस उलटून गेल्यावरसुद्धा.

मग भाऊजींना कमी ऐकू येऊ लागलं. आम्ही त्यावर हसायचो. ताई मीठ मागे, ते माठ आणून ठेवत. एके दिवशी ते ड्युटीवरून आले आणि जेवले नाहीत. ताईनं खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "विस्तारीनं सकाळी 'बोडी' म्हटलं होतं, पान्याची बोडी. फोनवर 'बोडी' म्हनला का 'गोडी', मले समजलं नाई. परत परत विचारलं. मंग मी लाइन चालू केली."

"मंग? झालं का काही?"

"नाई. बोडीच होतं. पन मी आयकलं नाई. मले जे आयकाचं होतं, तेच मी आयकलं."

दुसऱ्या दिवशी ते साहेबांकडे गेले आणि आपणहून सांगितलं की मला या खुर्चीवरून उठवा. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "थोडीच नोकरी राहिली, कशाला बोभाटा करता? मी कुणाला बोलणार नाही." भाऊजी म्हणाले, "तेवढ्यात विस्तारी किती डाव चढन, साहेब?"

त्यांना बल्लारपूरला गोदामात दिलं. आम्ही क्वार्टर रिकामं केलं त्या दिवशी विस्तारी आला. ट्रकमध्ये पलंग चढवला, ट्रंका चढवल्या, आणि मग करायला काही उरलं नाही तसा भाऊजींपुढे उभा राहिला.

"आता मी कोनाले शब्द सांगू, भाऊ?"

भाऊजींनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. "नवीन मानसाले. मी त्याले समजावलं हाये. तूही सोडजो नको."

"तुम्ही बसा ना खुर्चीवर. मी फोनवर वरडून सांगतो."

"वरडला तर साऱ्या नाक्याले समजन," भाऊजी म्हणाले. दोघं हसले. ट्रक निघाला तरी विस्तारी फाटकाचा गज धरून उभा होता.

बल्लारपुरात भाऊजींना एक नवीनच सवय लागली. लाइट गेली की ते जेवता जेवता थांबत. सगळी गल्ली खात्याच्या नावानं बोटं मोडत असे आणि हे हातातला घास खाली ठेवून बसत. "कोनीतरी वर चढला असन," म्हणत. मग ताईला विचारत, "विस्तारी उतरला का?" बल्लारपूरच्या लाइटचा आणि विस्तारीचा काही संबंध नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण ताई मान हलवी, "उतरला." मग घास तोंडात जाई.

पुढच्या हिवाळ्यात विस्तारी गेला. एका फांदीनं तार ओढली होती, ती काढायला तो वर होता. काम लांबलं. जोडीदार नाक्यावर जाऊन फोनवर म्हणाला, "आनखी घंटाभर लाइन घ्या लागते." म्हणजे बंदच ठेवावी लागेल. फोनच्या त्या खरखरीत उपकेंद्रात पोचलं ते एवढंच : लाइन घ्या. नवा माणूस "घेतो" म्हणाला. शब्द विचारायचं त्याला सुचलं नाही. काही वाईट माणूस नव्हता तो. मयतीला आला होता, कडेला उभा होता, आणि कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं.

ताई आणि मी एका लग्नाचं निमित्त सांगून गेलो. परत येताना एसटीत ताईनं ठरवलं की यांना सांगायचं नाही. लपवणं सोपं होतं. त्यांना कुणाचं बोलणं कानावर पडून कळणार नव्हतं, आणि पेपरातली तेवढी बातमी मी काढून टाकली. नोकरीला मी मास्तर म्हणून लागलो होतो एव्हाना. पोरांना खरं बोलायला शिकवायचो आणि सुट्टीत बल्लारपूरला जाऊन खोटी मान हलवायचो.

पण एक गोष्ट मला तेव्हाही खुपायची. लाइट जाई, ते विचारत, ताई मान हलवी, आणि ते जेवू लागत. ज्या माणसानं साहेबाच्या आवाजावर विश्वास ठेवला नाही, बायकोच्या भावाला नाव विचारल्याशिवाय दार उघडलं नाही, त्यानं आमच्याकडे कधी शब्द मागितला नाही. ताई म्हणे, "त्याइले आपल्यावर विश्वास हाये." मला ते पटत नसे.

भाऊजी आजारी पडले तेव्हा मी रजा काढून गेलो. दुपारची वेळ होती. पंखा फिरता फिरता थांबला. ताई बाहेर नळावर होती. भाऊजींनी डोळे उघडून पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"विस्तारी उतरला का?"

मी मान हलवली. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, इतका वेळ की शेवटी मीच नजर खाली घातली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं.

"बरं," म्हणाले, "मंग करा म्हना चालू."

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.