उरल्याच्या मिलमंधी जपानी साहेबाची पंगत

हे गेल्यापासून "कुठं चालली?" असं विचारणारं घरात कोनी राहिलं नाही. त्याचा मी पुरता फायदा घेतो. यंदा विश्वकर्मा पूजेले रायपूरले गेली. माझे धाकटे दीर, सुधाकर भाऊजी, तिथं उरला नावाच्या कारखान्याच्या भागात एका रोलिंग मिलमंधी लोखंडाच्या सळाखा काढतात. पूजेच्या दिवशी भट्टी बंद राहते अन् घरच्यांना आत जाऊ देतात. बाकी साल आपल्याले फाटकातूनच हाकलतात.

जायचं असन तर गोंदियाहून सकाळची गाडी धरा, जेवायच्या आत रायपूर येते. डोंगरगडले देवीचे लोक उतरले का बसाले जागा भेटते. स्टेशनाबाहेर गरम चीला खा, आपल्या धिरड्यासारखाच, टमाट्याची चटणी दोनदा मागा, देतात. तात्यापाऱ्यात भाऊजीचं घर. संध्याकाळी पुतणी पिंकीनं तेलीबांध्याच्या तळ्यावर नेलं. सगळे काचेचे दुकानं! चहाचा भाव ऐकून मी म्हटलं, "यात म्हैस बी येते का संग?"

पिंकी लाजली. "मोठी आई, ऐसे मत बोलो ना, सब देख रहे हैं!"

घरी आलो तर भाऊजी स्वतःच्या शर्टाले इस्त्री करून राहिले होते.

"काहून भाऊजी, दुसरं लगीन लावता का?"

"मजाक नका करू वैनी. उद्या जपानी साहेब येणार हाय."

मंग त्यानं सांगितलं. मिलचा अर्धा हिस्सा आता जपानी कंपनीनं घेतला. अन् पूजा झाली का जुन्या लोकांनी पक्की नोकरी सोडून ठेकेदाराकडं नाव लावायचं, नाही तर घरी बसायचं, असा हुकूम निघाला. भाऊजीले वाटे, हे आपल्याच शेठच्या नातवाचं काम. तो अमेरिकेत शिकून आला. "जपानी माणूस कामगाराले म्हातारा होईपर्यंत सोडत नाही वैनी. आपल्या बुढ्या शेठसारखाच. साहेबाले समोरासमोर विचारतो. तो थांबवन."

बुढा शेठ मले माहीत होता. कंजूस एक नंबरचा, पण पूजेच्या पंगतीत स्वतः वाढे. कोनी मेला तर त्याच्या पोराले कामावर घे.

दुसऱ्या दिवशी शेअर ऑटोनं उरल्याले गेलो. नाका-तोंडात काळी धूळ, तोंडाले पदर बांधूनच जा. आत मशीनीले झेंडूचे हार, हातोड्या-सांडश्याले कुंकू. त्या दिवशी अवजाराले कोनी हात लावत नाही.

अन् साहेब आला. चपला म्हणा, बूट म्हणा, दूरच काढले. मशीनीसमोर असा वाकला का आमचे पंडितजी बी मंत्र विसरले. पंगत बसली तर हा गोरापान माणूस बुंदीची बादली घेऊन वाढाले लागला! अन् शेठचा नातू? खुर्चीवर मोबाईल पाहत. दोनदा घड्याळ पाहिलं, निघून गेला. मी तं पाहतच राहिली. कोनता आपला अन् कोनता परका?

भाऊजीच्या पानासमोर साहेब आला. मी कोपरानं ढोसलं, "बोला आता, का शर्ट दाखवाले आले?"

भाऊजी उठून उभे राहिले. साहेबासंग एक दिल्लीची पोट्टी होती, त्याचं बोलणं हिंदीत सांगे. भाऊजी म्हणे, "साहब, आपके देश में तो आदमी को जिंदगी भर रखते हैं ना? हमको ठेके में काहे डाल रहे हो?"

वाढणारे बी जागीच थांबले. साहेबानं बादली खाली ठेवली. हळूहळू बोलला. पोट्टी सांगताना अडखळली.

"साहब बोल रहे हैं, उनके पिताजी एक ही कारखाने में बूढ़े हुए। वो जमाना वहाँ भी जा रहा है। ठेके वाले कागज पर उनके भी दस्तखत हैं। और..."

"और क्या दीदी?" भाऊजीनं विचारलं.

"वो खुद भी ठेके पर हैं।"

खरंच सांगतो, असा धक्का मले सासू मेली तवा बी नाही बसला! ज्याच्या भरवशावर आमच्या माणसानं शर्टाले इस्त्री केली, तोच बिचारा किरायाचा निघाला. शेठचा नातू अमेरिकेहून आला, साहेब जपानहून, अन् दोघांचा बी रस्ता ठेक्याच्याच दारात!

मंग भाऊजीनं वाकून बादली उचलली अन् साहेबाले म्हणे, "बैठो साहब. आप भी खा लो." साहेब मांडी घालून बसला. मांडी काही जमे ना.

मी परत आली. घरात पाय ठेवला तरी नाकातून काळंच निघे. मैतरणी विचारतात, रायपूर कसं हाय? तळं पाहा, चीला खा, पूजेच्या दिवशी जमलं तर मिल बी पाहा. पण मले तळं आठवत नाही, ती बुंदीची पंगत आठवते.

काल भाऊजीचा फोन आला. ठेकेदाराकडं नाव लावलं. मशीन तीच, काम तेच.

"मंग साहेब भेटते का रोज?" मी विचारलं. "का आता तुम्ही त्याले मांडी घालाले बी शिकवलं?"

"साहेब जपानले परत गेला वैनी. त्याचा ठेका पुढं वाढवलाच नाही. दुसरा आला." अन् म्हणे, "तिकडं घरी त्याची बुढी माय हाय म्हणे. आता कसं करन तो?"

स्वतःची पक्की नोकरी गेली, त्याचं एक अक्षर नाही. फोन ठेवला, अन् चूल पेटवायची सोडून तशीच बसली.