थूल मॅडमची सिस्टीम

फोन पुष्पाताईंचा होता. वर्ध्यातल्या ज्या धर्मादाय रुग्णालयात वंदनाने आणि मी आमचं पहिलं मोठं काम केलं, तिथल्या केसपेपरच्या खिडकीवर पुष्पाताई बसतात. "मॅडम, थूल मॅडम गेल्या. सकाळीच," त्या म्हणाल्या आणि जरा थांबून विचारलं, "तुम्हाले कोणी सांगतलं नाई का?" नव्हतं सांगितलं. मी नागपूरच्या ऑफिसात होते, दुपार व्हायला आली होती... वंदना थूल, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, गेली होती आणि ते वॉर्डातल्या सिस्टरांना, लॅबवाल्यांना, खिडकीवरच्या बाईंना माझ्या आधी माहीत होतं. दीड महिन्याने लिहायला बसले आहे, तर आधी हेच कबूल केलं पाहिजे. त्या क्षणी मला रडू नाही, राग आला. पुष्पाताईंना हुंदका आवरत नव्हता आणि माझ्या मनात एकच, की यांना माझ्याआधी कसं कळलं? गेलेल्या माणसाचाही हेवा वाटू शकतो, हे मला त्या फोनवर समजलं.

हा हेवा जुना आहे. मी बोरगाव मेघेची, ती पिपरी मेघेची. माझ्या घरी शेती; तिचे वडील गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर ऑपरेटर. इंजिनीअरिंगला आम्ही एका वर्गात आलो, एका सायकलवर डबलसीट फिरलो, एका डब्यात जेवलो. वर्गात मी पहिली यायची, ती चौथी-पाचवी. एखादी सिस्टीम कशी उभी राहते त्याचे टप्पे सर फळ्यावर चौकटी काढून शिकवायचे. गरजांचा अभ्यास, मग हे जमेल का त्याची तपासणी, मग आराखडा, बांधणी, चाचणी, प्रत्यक्ष वापर आणि शेवटी देखभाल. मला तो धडा तोंडपाठ होता. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी आम्हा दोघींना एकत्र बसवलं आणि विचारलं, सगळ्यात जास्त काळ कोणता टप्पा चालतो? मी पटकन म्हटलं, बांधणी. वंदना घाबरली की घरची भाषा बोलायची. "देखभाल, सर," ती म्हणाली. "माझ्या बाबांनी पंप बसवला तो एका दिवसात. तेव्हापासून रोज पाहूनच राह्यले ते त्याच्याकडे." सरांनी पेन खाली ठेवलं. पुढची दहा मिनिटं ते तिच्याशी पंपाबद्दल बोलत होते, व्हॉल्व कोणता, मोटर किती वेळा जळली... मला दुसरा प्रश्नच विचारला नाही. मार्क मलाच जास्त पडले. पण त्या खुर्चीत बसून मी स्वतःच्या हाताची नखं बघत होते, ते अजून आठवतं.

पुढे आम्ही दोघी वर्ध्यातल्याच एका लहान कंपनीत लागलो आणि काही वर्षांत त्या रुग्णालयाचं काम आलं. नोंदणीपासून लॅब आणि वॉर्डापर्यंत सगळं कागदावर होतं, ते कॉम्प्युटरवर आणायचं होतं. मी प्रोजेक्टची प्रमुख. गरजांचा अभ्यास वंदनाकडे. मी डॉक्टरांच्या दोन बैठका घेतल्या, प्रश्नावली वाटली, आठवड्यात कागद तयार केला. वंदना मात्र पुष्पाताईंच्या शेजारी स्टूल टाकून बसली ती उठेचना. रोज सकाळी खिडकी उघडायच्या आत हजर. मी चिडून विचारलं, तिथे एवढं काय आहे? "त्या बाईच्या हाताकडे पाह्यजो एखाद्या दिवशी," ती म्हणाली. "पेशंटचं नाव लिहिलं की त्या विचारतात, तू कोणाचा रे? मग मायचं नाव रजिस्टरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवतात. कोणत्याच फॉर्मात ते नाई. गिरडकडे फरीदबाबाच्या दर्ग्याले नवस बोलून झालेलं पोरगं म्हणजे नाव फरीदच. एका गावात एका वयाचे चार-चार फरीद हायेत, सुषमे. मायच्या नावाशिवाय ओळखायचं कसं?"

माझ्या आराखड्यात नाव, गाव आणि वय जुळलं की पेशंटची जुनी फाईल उघडत होती. वंदनाचं म्हणणं खरं आहे हे मला तिचं वाक्य संपायच्या आत कळलं. तरी मी तिने लिहून दिलेल्या कागदावर त्या मुद्द्यापुढे लिहिलं, "पुढच्या टप्प्यात." वेळ कमी आहे, हे मी सगळ्यांना सांगितलेलं कारण. खरं कारण असं की आदल्याच दिवशी बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी माझा कागद नुसता चाळला आणि म्हणाले, "त्या थूल मॅडमला विचारा, त्यांना आमचं काम आमच्याहून जास्त कळतं." सगळे हसले. मीही हसले. आणि दुसऱ्या दिवशी ते दोन शब्द लिहिले.

चाचणी झाली. आम्ही बनवलेल्या नावांवर सगळं नीट चाललं, कारण बनवलेली नावं मीच बनवली होती आणि त्यांत दोन सारखी नव्हती. सिस्टीम सुरू करायच्या दिवशी मी म्हटलं, आता जुनं रजिस्टर बंद करा, नाहीतर लोक त्यालाच चिकटून राहतील. वंदना अडून बसली. दोन्ही बरोबर चालू द्या, निदान पावसाळा संपेपर्यंत. आम्ही सगळ्यांसमोर भांडलो. मी तिला म्हटलं, तुझा स्वतःच्या कामावर विश्वास नाही. ती म्हणाली, "कामावर आहे वं. घाईवर नाई." डॉक्टरांनी तिचं ऐकलं. रजिस्टर राहिलं.

तिसऱ्या आठवड्यात गिरडचा शेख फरीद नावाचा एक गवंडी हर्नियाच्या ऑपरेशनला आला. स्क्रीनवर त्याचा रक्तगट आला तो दुसऱ्याच फरीदचा, दोन आठवड्यांपूर्वी ताप आला म्हणून तपासून गेलेल्याचा. नाव तेच, गाव तेच, वयही तेच. ऑपरेशनच्या सिस्टरने सवयीने रजिस्टर मागवलं, कोपऱ्यातलं पेन्सिलीतलं आईचं नाव वाचलं आणि त्या गवंड्याला विचारलं, तुझ्या अम्मीचं नाव काय? तो म्हणाला हमीदा. रजिस्टरात त्या जुन्या नोंदीपाशी होतं जुबेदा. डॉक्टर नंतर म्हणाले, रक्त देण्याआधी पुन्हा जुळवून बघतोच, तिथे पकडलं गेलं असतं. असेल. पण मी संडासात जाऊन नळ सोडून उभी राहिले. बाहेर बाकावर त्या माणसाची बायको डबा घेऊन बसली होती... मी तिच्या समोरून दोनदा गेले.

संध्याकाळी बैठक. सगळे टेबलाभोवती. "पुढच्या टप्प्यात" लिहिलेला तो कागद वंदनाच्या फाईलमध्ये होता, मला माहीत होतं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, हे कसं राहिलं? मी तोंड उघडलं नाही. वंदनाने फाईल उघडलीही नाही. म्हणाली, "चाचणीत आमच्याकडून राहून गेलं, सर. आठ दिवसांत आईचं नाव सक्तीचं करून देतो." आमच्याकडून! त्या शब्दाने तिने मला वाचवलं, आणि त्याच शब्दासाठी मी पुढची कित्येक वर्षं तिला माफ करू शकले नाही. तिने माझं नाव घेतलं असतं तर मला भांडता आलं असतं. तिने मला भांडायलाही जागा ठेवली नाही. आठ दिवस आम्ही शेजारी बसून ती दुरुस्ती केली. त्या आठ दिवसांत ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलत होती, डब्यातली चटणी पुढे सरकवत होती. मी तिची दुरुस्ती दोनदा तपासली, चूक सापडावी म्हणून. सापडली नाही.

काम पूर्ण झालं तेव्हा छोटा समारंभ झाला. पुष्पगुच्छ मला मिळाला, प्रमुख म्हणून. फोटोत मी मधोमध आहे. पण चहाच्या वेळी सगळ्या सिस्टर वंदनाभोवती, आणि मी गुच्छ हातात घेऊन खिडकीशी. त्यानंतर मी नागपूरला मोठ्या कंपनीत गेले. नवे प्रोजेक्ट, नवी गावं. सुरू करून द्यायचं आणि पुढे निघायचं. वंदनाला मी दोनदा बोलावलं. ती रुग्णालयातच नोकरीला लागली होती, त्याच सिस्टीमची देखभाल करायला. "सुरू झाली म्हणजे झालं असं नाई ना वं," ती म्हणायची. "आता तर लोक वापरून राह्यले." माझ्या सहकाऱ्यांना मी सांगायची, हुशार होती पण वाढली नाही. आणि कधी वर्ध्याला गेले, ओळखीच्या कोणाला रुग्णालयात भेटायला, तर खिडकीवर ऐकू यायचं, "थूल मॅडमच्या सिस्टीमवर टाका." मुळातली बांधणी माझी होती. पण कोणी तसं म्हटलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिला कर्करोग निघाला. तेव्हा तो बराच पसरला होता. शेवटची भेटले ती त्याच रुग्णालयात, वरच्या मजल्यावर. सिस्टरने तिचा मनगटपट्टा स्कॅन केला, मग नियमाप्रमाणे विचारलं, "आईचं नाव?" वंदनाने माझ्याकडे बघत सांगितलं, "सीताबाई." सिस्टर गेली. मी इतक्या वर्षांत न विचारलेलं तेव्हा विचारलं, "त्या दिवशी तो कागद काऊन नाही काढलास?"

ती म्हणाली, "काढला असता तर तू काम सोडून गेली असती. तुझ्यासारखा साफ कोड लिहिणारं कोण होतं आपल्याजवळ?" मग म्हणाली, "आणि मी तरी कोणती साधी होती? कॉलेजात लय जलत होती तुझ्यावर. तुझा रिझल्ट लागला की दोन दिवस घरी जेवण जात नव्हतं मले."

"मग?"

"मग काय. काम होतं ना."

एवढंच. मी घरी येईपर्यंत बसमध्ये त्या पाच शब्दांचा विचार करत होते. तिलाही हेवा वाटला होता, आणि तिने तो कामाला लागून संपवून टाकला होता. माझा मी जपला, वाढवला, पंचवीस वर्षं सोबत वागवला. तिला तोही माझ्यापेक्षा चांगला जमला.

पिपरी मेघेला तिच्या पुण्यानुमोदनाला हॉलमध्ये जागा उरली नव्हती. पांढऱ्या कपड्यांतली माणसं रस्त्यापर्यंत. तिचे म्हातारे बाबा खुर्चीत बसून होते आणि लोक त्यांना येऊन सांगत होते, मॅडमनी आमचं हे केलं, ते केलं. मी फक्त त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "सुषमा, तू मोठ्या कंपनीत आहे म्हणे. वंदू सांगे. लय कौतुक होतं तिले."

दोन आठवड्यांपूर्वी रुग्णालयाने मला बोलावलं. नवा माणूस मिळेपर्यंत सिस्टीम कोणीतरी सांभाळायला हवी, आणि तिची मूळ रचना माहीत असलेली आता मी एकटीच. आठवड्यातले दोन दिवस जाते. तिची खोली तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या मागे. एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि दार कधी लागत नाही, कारण त्याच्याखाली दगड लावलेला आहे. तो काढावा असं पहिल्या दिवशी वाटलं, क्ष-किरणवाल्यांची गर्दी फार आवाज करते. पण लोक आत येण्याआधी ठोठावत नाहीत, सरळ येतात आणि सांगायला लागतात.

परवा बालरोग वॉर्डातली एक सिस्टर आली. जुळ्या मुलांच्या नोंदींचं काही तरी अडत होतं. बोलता बोलता तिच्या सासूच्या गुडघ्यावर गेली, मग पुन्हा जुळ्यांवर आली, आणि मधेच म्हणाली, "पहा ना, थूल मॅडम..." मग जीभ चावून थांबली. माझ्याकडे बघवेना तिला.

खरं सांगते, टोचलं. नेहमीच्याच जागी.

"सांगा," मी म्हटलं. "जुळ्यांचं काय होतं?"