टाकीत पाणी किती

लातुरात दहावी झाली की पोरं क्लासला जातात. आमची लेक डेन्मार्कला गेली. इथल्या एका क्लबातर्फे शाळकरी मुलांची वर्षभरासाठी अदलाबदल होते. आपलं मूल परदेशातल्या कुणाच्या तरी घरी राहतं आणि तिकडचं एखादं आपल्या घरी येतं. मी इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. शाळेतल्या बायकांनी तोंडावर कौतुक केलं आणि पाठीमागे म्हणाल्या, डॉक्टरकीच्या अभ्यासाचं वर्ष घालवलं पोरीचं. लेकीचं विमान उडालं आणि पुढच्याच आठवड्यात तिकडची एक मुलगी आमच्या दारात रिक्षातून उतरली. उंच, अवघडलेली, उन्हानं नाक लाल झालेलं, बरोबर दोन भल्यामोठ्या बॅगा. ‘घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं,’ असं आमचे हे माझ्या कानात पुटपुटले आणि बॅगा उचलायला धावले.

मी मुळात काळजीखोर. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारी. लेक गेल्यापासून माझ्या डोक्यात एक हिशेब बसला होता, जो विज्ञानाच्या बाईनं कुणाला सांगू नये. मी या मुलीशी जशी वागेन, तसं तिकडे कुणीतरी माझ्या लेकीशी वागेल. हिच्या ताटात मी तूप कमी वाढलं तर तिकडे माझ्या लेकीला शिळं मिळेल. तिकडची बाई मला ओळखत नव्हती, या मुलीचं गावही वेगळं होतं, तरी माझं मन ऐकायचं नाही. त्यामुळे पाहुणी हसली की मला वाटायचं, लेक हसली. पाहुणीनं भाकरी अर्धी टाकली की वाटायचं, लेक उपाशी उठली.

तिला लागेल ते करायचं आणि आपली अडचण तिच्या कानावर जाऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं. आमच्याकडची रीतच ती आहे. पाहुण्यासमोर डबा खडखडला तर बाई मागच्या दारानं शेजारी जाते, वाटीभर साखर आणते आणि चहा असा देते जसं काही घरात पोतं पडलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण अडचण साखरेची नव्हती, पाण्याची होती. त्या साली पावसानं दडी मारली. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं आणि तेही कधी येईल त्याचा नेम नाही. अंगणातलं बोअर आटलेलं. जमिनीतला हौद आणि गच्चीवरची टाकी, एवढ्यावर घर चालवायचं. लातूरच्या माणसाला यात काही नवल नाही. भाजी धुतलेलं पाणी कुंडीला, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. लग्न जमवताना बाहेरगावचे लोक आजही थट्टा करतात की लातूरला पोरगी द्यायची तर रुखवतात हंडे जास्त द्या. ही थट्टा डेन्मार्कपर्यंत जावी अशी माझी इच्छा नव्हती.

पाहुणी दिवसातून दोनदा शॉवरखाली उभी राहायची. बिचारीची चूक नव्हती. धूळ, उकाडा, घाम, तिला काही सहन होत नव्हतं. आमचं न्हाणीघर स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. मी इकडे फोडणी करायची आणि तिकडे पाण्याचा आवाज ऐकत उभी राहायची. मोहरी करपली तरी आवाज थांबायचा नाही. ती बाहेर आली की मी लगबगीनं आत शिरायची, नळ घट्ट बंद केलाय का बघायला, आणि हे गच्चीवर जाऊन टाकीत काठी बुडवून यायचे. खाली येऊन बोटांनी खूण करायचे, इतकं उरलं. आणि दोघंही पाहुणीकडे बघून हसायचो.

साधारण महिन्याभरानं ती एकदा हळूच माझ्याजवळ आली आणि विचारलं की पाळीच्या दिवसांतलं सामान टाकायचं कुठे. मी तिला जुनं वर्तमानपत्र दिलं, झाकणाची बादली दाखवली, शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली. मला मनातून आनंद झाला. जे आईला विचारायचं ते हिनं मला विचारलं, म्हणजे मी पास झाले. नेमकी त्याच आठवड्यात टाकी तळाला गेली. माझी थोरली नणंद पलीकडच्या गल्लीत राहते, तिच्या बोअरला अजून पाणी होतं. मग सकाळी ही कॉलेजला जायच्या आधी आम्ही दोघं टॉवेल, साबण, कपडे पिशवीत घालून तिकडे आंघोळीला जायला लागलो. नणंद रोज बोलायची.

“आगं, सांगून टाक की पोरीला. पानी न्हाई म्हनायला कसली आलीय लाज?”

मी म्हणायची, चारच दिवस, नळ येईल. नळ आला, हौद अर्धाच भरला, आणि आमचं जाणं चालूच राहिलं. पाहुणीनं विचारलं तर सांगायचं, नणंदेला बरं नसतं, मदतीला जातो. ओले केस घेऊन कुणी मदत करून येतं का, हा विचार तेव्हा आमच्या डोक्यात आला नाही.

मग एक गंमत झाली. पाहुणीचं पाणी आपोआप कमी झालं. दोन मिनिटांत आंघोळ, तीही एकदाच, आणि बाहेर येण्याआधी न्हाणीघराची फरशी ती स्वतः कोरडी पुसायला लागली. हे म्हणाले, बघ, न सांगता कळतं शहाण्याला. आम्ही खूश. जेवण कमी झालं तेही मला दिसत होतं, पण मी ते तिखटावर ढकललं. वरण बिनतिखटाचं केलं, चुरमुऱ्यांचा सुशीला केला, दही-धपाटे केले. ती म्हणायची, छान आहे, आणि खोलीत जाऊन दार लावून घ्यायची.

अशातच एका दुपारी क्लबातल्या सरांचा फोन आला. मुलांना घरं मिळवून देण्याचं काम ते बघतात. फार आडवळणं घेऊन ते बोलले. मुलीला तुमच्याकडे जरा अवघडल्यासारखं होतंय, तिनं दुसरं घर मिळेल का असं विचारलंय, नांदेडला एक कुटुंब तयार आहे, रविवारी गाडी घेऊन येतो. कारण विचारलं तर म्हणाले की तिनं काही सांगितलं नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मनाला लावून घेऊ नका म्हणे! माझी झोप उडाली. आपण काय कमी केलं, हे मी उठता-बसता मनात उगाळत बसले. तिला विचारायची हिंमत होत नव्हती. विचारलं आणि तिनं खरं सांगितलं तर? त्यातून तो माझा हिशेब. ही माझ्या घरातून रडून गेली तर तिकडे माझ्या लेकीचं काय होणार? लेकीला रोज फोन करायची, ती रोज म्हणायची, सगळं मस्त आहे आई. मी तेवढ्यावर एक दिवस काढायची. यांनी समजूत घालायचा प्रयत्न केला.

“जाऊ दे की. नांदेडला गोदावरी हाय. तिथं मनासारखी न्हाईल.”

त्या दिवशी मी यांच्याशी बोलले नाही.

शनिवारी तिला सुट्टी होती. खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज येत होता. मी भाजी निवडत बसले होते आणि एकाएकी गल्लीत ओरडा झाला, नळ आला. एरवी नळ यायचा तेव्हा ती नेमकी कॉलेजात असायची, त्यामुळे हा सोहळा तिनं कधी बघितला नव्हता. मी पदर खोचला, मोटार लावली, हौदात पाइप टाकला आणि हाताला येईल ते भरत सुटले. हंडे, बादल्या, पातेली, कुकर, पुरणाचं मोठं भांडं, दुधाची किटली. मान वर केली तर ती दारात उभी. तिनं घाबरून विचारलं, कुठे आग लागली का?

मी म्हणाले, काही नाही, साफसफाई चाललीय. हातात पाण्यानं भरलेला कुकर होता.

तिनं एकेक भांडं बघितलं. मग शेजारच्या अंगणात बघितलं, तिथंही तेच चाललेलं. आमचं बोलणं इंग्रजीतून चालायचं आणि ती कायम फार जपून बोलायची. त्या दिवशी मात्र तिनं सरळ विचारलं.

“काकू, तुम्ही दोघं आंघोळीला दुसऱ्या घरी का जाता?”

मी कुकर या हातातून त्या हातात घेतला. ती म्हणाली, “मी वापरलेली न्हाणी तुम्हाला चालत नाही म्हणून ना? मी पाळीचं सांगितलं आणि तेव्हापासून तुम्ही जाता. मी बाहेर आले की तुम्ही लगेच आत जाऊन बघता. मी रोज सगळं पुसून ठेवते, तरी तुम्ही जाता.”

इकडे निघण्यापूर्वी या मुलांना क्लबाकडून सांगितलेलं असतं की भारतात काही घरांत त्या दिवसांचा विटाळ मानतात, बोलू नका, समजून घ्या. ती बिचारी समजून घेत होती. पुसत होती, कमी खात होती, कमी वावरत होती. माझ्या घरात असलं काही पाळलेलं मी कधी चालवून घेतलं नाही, वर्गात मुलींना मी स्वतः हे समजावून सांगते, आणि माझ्याच घरात एक पोर स्वतःला विटाळ समजून फरशी पुसत होती. मला इतकी लाज वाटली की मी कुकर तिथंच खाली ठेवला.

मी तिला हाताला धरून हौदाशी नेलं. झाकण सरकवलं. आत खाली खोलवर पाइपची धार पडत होती आणि तळाला वीतभर पाणी होतं. मी तिला सांगितलं की आज यात भरेल तेवढंच आता आठ-दहा दिवसांचं आहे, सगळ्यांचं मिळून. तुला पुरावं म्हणून आम्ही तिकडे जात होतो.

तिनं वाकून हौदाचा तळ बघितला. मला वाटलं रडेल, पण ती चिडली. “मला सांगायचं ना! मी लहान आहे का? मला वाटलं तुम्हाला मी नकोशी झालेय.” मी म्हणाले, पाहुण्याला असं सांगत नाहीत. ती म्हणाली, वर्षभर कुणी पाहुणं राहतं का? तिनं पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, भरलेली बादली उचलली आणि विचारलं, ही कुठे ठेवू?

भांडी भरून झाल्यावर तिनं माझ्यासमोरच सरांना फोन लावला आणि रविवारी येऊ नका म्हणून सांगितलं. मग पायरीवर बसून तिनं दोन धपाटे खाल्ले. खाता खाता सहज विचारलं, तुमची मुलगी तिकडे कशी आहे? मी म्हणाले, छान आहे, रोज म्हणते सगळं मस्त.

“मीपण माझ्या आईला रोज तेच सांगत होते,” ती म्हणाली.

ओल्या साडीनंच मी आत गेले आणि लेकीला व्हिडिओ कॉल लावला. कशी आहेस, असं विचारलं नाही. आधी मीच सांगितलं. नळाचं, टाकीचं, आत्याकडच्या आंघोळीचं, जे तिला उगाच काळजी नको म्हणून इतके दिवस तिच्यापासूनही झाकलं होतं. पाहुणी निघून चालली होती तेही सांगितलं. लेक खाली बघत म्हणाली, “आई, मी इथं शाळेत डबा बाथरूममध्ये बसून खाते. माझ्याशी कुणी बोलत नाही.”

कधीपासून, म्हटलं. पहिल्या दिवसापासून, म्हणाली.

मग आधी का नाही सांगितलंस, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. ते मी गिळलं. असं झाकून हसायला तिला डेन्मार्कनं शिकवलं नव्हतं. मी एवढंच विचारलं की आज जेवलीस का. नाही म्हणाली. मग घेऊन ये, म्हटलं, मी बसलेय इथं. तिनं फोन टेबलावर टेकवून ठेवला, ब्रेड आणला आणि माझ्यासमोर खायला लागली. ती रडत होती आणि खात होती, आणि तिचं संपेपर्यंत मी फोन धरून बसले.